रहाडीत रंगलेला स्नायू

फाल्गुन आला की आमच्या नाशकात दोन गोष्टी जमिनीतून वर येतात. एक रहाड आणि दुसरी प्रॅक्टिकल परीक्षा. दोन्हींत माणूस गटांगळ्या खातो. रहाडीतून तो हसत बाहेर येतो, एवढाच काय तो फरक.

रहाड म्हणजे काय हे नाशिकबाहेरच्या माणसाला सांगताना मी आधी त्याला खुर्चीत बसवतो, मग पाणी देतो. भर चौकात, जमिनीच्या पोटात, जुना दगडी हौद. वर्षभर त्यावर लाकडाचे जाड ओंडके, ओंडक्यांवर माती, आणि मातीवरून रिक्षा, स्कूटरी, भाजीच्या हातगाड्या. खाली काय आहे ते कोणाच्या ध्यानीमनी नसतं. रंगपंचमी आली की माती उपसायची, ओंडके काढायचे, हौद धुऊन भरायचा, हंड्यांत फुलं उकळून काढलेला रंग त्यात ओतायचा, पूजा करायची आणि मग उड्या. त्या उडीला आम्ही धप्पा म्हणतो. खोलीचं विचाराल तर मोजणारे दीड-दोन पुरुष पाणी सांगतात. मी लहानपणी तळ बघायला गेलो होतो. अजून थोडा खाली गेलो असतो तर सप्तशृंगीच्या पायथ्याशी निघालो असतो, पण आईनं शेंडी धरून वर ओढलं.

आता मी एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. या दिवसांत प्रयोगशाळेत स्पिरिटचा वास असतो, खिडकीतून द्राक्षांच्या टेम्पोमागे उडालेली धूळ येते, आणि मी कपाटातून स्लाइडींची लाकडी पेटी काढून एकेक काच धोतराच्या फडक्यानं पुसत बसतो. परवा अकरावीची एक मुलगी, गार्गी तिचं नाव, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ थांबली आणि वैतागून म्हणाली, "सर, हे दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीला पट्टे आहेत. उद्या मला ओळखायला नाही येणार."

मी हसलो. मुलीला वाटलं सर चेष्टा करतायत. पण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, तेही रेड्यासारख्या आवाजात.

तो आवाज दिगंबरचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. दिगंबर पंचवटीतल्या तालमीचा पैलवान. त्याचा दंड एवढा, की त्यावर एस.टी.चं अख्खं वेळापत्रक रंगवून खाली जाहिरातीला जागा उरली असती. तो जिना चढला की वरच्या मजल्यावरचे बेडूक बरणीत सावध होत. आणि असल्या या माणसाला, ज्याच्या अंगावर स्नायूंशिवाय दुसरं काही नव्हतं, काचेवरचा स्नायू ओळखता येत नव्हता.

आदल्या वर्षी तो तिथेच आडवा झाला होता. सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचा स्नायू होता. यानं पट्टे बघितले आणि ठोकून दिलं, हातापायाचा स्नायू. तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या मॅडमनी विचारलं, "मग हृदयाचा कसा असतो?" हा म्हणाला, "मॅडम, तो आत असतो." नापास.

त्याचे वडील अंबडच्या एका कारखान्यात पत्रे ठोकायच्या प्रेसवर होते. आण्णा माणूस शब्दाचा पक्का. त्यांनी स्वतःच्याच खात्यात पोरासाठी जागा बोलून ठेवली होती. दिगंबरला व्हायचं होतं शाळेत खेळाचा शिक्षक. त्यासाठी पुढं शिकायला हवं, आणि पुढं शिकायला आधी ही पदवी हवी. आण्णांनी एकदाच सांगितलं, "यंदा पास झालास तर कुठं शिकायचं तिथं शिक, मी हूं का चूं करणार नाय. पुन्हा लटकलास तर डबा घ्यायचा आन् माझ्या मागं स्कूटरवर बसायचं." दिगंबर मागे बसला तर स्कूटरचं पुढचं चाक उचललं जाईल, ही माझी काळजी होती. त्याची काळजी खरी होती. प्रेसच्या आवाजानं आण्णांचा एक कान केव्हाच गेला होता, आणि घरात सगळे त्यांच्या दुसऱ्या कानाशी बोलायचे.

"थाप्या," दिगंबर मला म्हणाला (सगळं कॉलेज मला थाप्या म्हणायचं, कारण काय ते मला आजतागायत कळलेलं नाही), "तूच शिकव. पण थापा नको मारू. खरं खरं सांग."

मी शिकवलं. मी शिकवलं तर दगडी सिंहसुद्धा पास होईल अशी माझी ख्याती होती. ती पसरवायला मला थोडे कष्ट पडले होते, एवढंच.

शिकवणी तालमीतच चालायची, जोर झाल्यावर. लाल मातीचा, घामाचा, हळदीच्या तेलाचा वास, आणि भिंतीवर माझा खडू. "हा बघ, हातापायाचा. लांबच लांब नळ्या, एकीला एक लगटून, पण प्रत्येकीचा संसार वेगळा. केंद्रकं किती? पुष्कळ. कुठं? कडेला. सरकारवाड्याजवळच्या दुकानात कसा माल मध्ये भरलेला असतो आणि मालक उंबऱ्यावर बसतो, तसं. आतल्या तंतूंनी जागा एवढी अडवली की केंद्रकं भिंतीला रेलून बसली."

"आन् पट्टे?"

मी त्याच्या दोन्ही पंजांची बोटं एकमेकांत सरकवली. "जाड तंतू, बारीक तंतू. जिथं एकावर एक येतात तिथं गडद पट्टा, नाहीतर फिका. स्नायू आखडतो म्हणजे तंतू काही आक्रसत नाहीत. असे एकमेकांत सरकतात."

तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. पंजे जवळ आणले, लांब नेले. "म्हणजे मी एवढ्या बैठका काढतो त्या ह्याच्यावर?"

"ह्याच्यावरच."

गुळगुळीत स्नायू, म्हणजे पुस्तकातला अपट्टकी, तो त्याला लगेच समजला. त्याचं आजोळ घोटीचं, घरात तांदळाची पोती. "दोन्ही टोकं निमुळती, मध्ये जाड, पोटात एकच केंद्रक. पट्टा नाही. भिजवलेला लांबडा तांदूळ," मी म्हणालो. आतड्यात, रक्तवाहिन्यांत, प्रत्येक केसाच्या मुळाशी हा तांदूळ पसरलेला. हळू काम करतो, मालकाला विचारत नाही. दिगंबर खूश. "मामाकडच्या गड्यासारखा," तो म्हणाला.

घोडं अडायचं हृदयाशी. पट्टे आहेतच. मी सांगायचो, अरे पेशी आखूड आहेत, त्यांना फांद्या फुटतात, केंद्रक मधोमध असतं, आणि जिथं एक पेशी दुसरीला भिडते तिथं आडवी गडद रेघ दिसते. तो मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "दोन्ही सारखेच दिसतात ना भो!" फांद्या दाखवल्या तर म्हणे काच फुटलीय. रेघ दाखवली तर म्हणे केस पडलाय. माझ्या शिकवणीच्या कीर्तीला हृदयविकार जडायची वेळ आली.

आणि विद्यापीठानं आमची प्रॅक्टिकल ठेवली रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. वेळापत्रक करणारा माणूस नाशिकचा नव्हता हे शेंबडं पोरही सांगेल.

रहाडीचा रंग अंगावर बसला की साबणाला भीक घालत नाही. कडेला उभं राहिलं तरी कान गुलाबी होतात. आमच्या तालमीनं एका वर्षी असा धप्पा मारला होता की पाणी देवळाच्या कळसाला लागलं आणि पंचवटीतली कबुतरं पावसाळ्यापर्यंत गुलाबी फिरत होती. परगावचे यात्रेकरू त्यांना हात जोडायचे.

दिगंबरनं ठरवलं होतं, यंदा घराबाहेर पडायचं नाही. पण रहाड उघडायचा मान तालमीचा. वस्तादांनी पोरगं पाठवलं नाही, स्वतः आले. दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "पैलवान, कडं तुझ्याविना पुरं होत नाय."

कडं म्हणजे रिंगण. आमच्याकडे पहिला धप्पा एकट्यादुकट्याचा नसतो. पैलवान हौदाच्या चारी कडांवर उभे राहतात, हातात हात अडकवून. मी पैलवान नव्हतो, पण कड्यात घुसलो. अंगाला खोबरेल तेल असं थापलं होतं की रंगाचा थेंब बसला तरी घसरून गोदावरीला मिळावा. दिगंबर माझ्या डावीकडे. तेल नाही, काही नाही. पैलवान तेल लावून लपत नाही म्हणे.

उन्हाचा कडाका, हलगीचा कडकडाट, उकळलेल्या फुलांचा तो कडवट, ओला वास. खाली गुलाबी पाणी, त्यात आमची डोकी उलटी. मी दिगंबरकडे पाहिलं आणि थक्क झालो. त्याच्या हातावर सर्रकन काटा उभा राहिला होता. एवढ्या उन्हात.

"थाप्या," तो ओठ न हलवता म्हणाला, "मला पवता येत नाय. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून."

"मग बाहेर हो."

"सगळी बघतात."

"मग उडी मार."

"पाय उडी मारायला तयार हायेत. पाय माझं ऐकतात. पण ही छाती बघ." त्यानं माझ्या कोपरात अडकवलेला हात आवळला. त्याचे ठोके मला माझ्या बरगडीत ऐकू येत होते. हलगीवाल्यानं ते ऐकून लय बदलली असं मी पुढं अनेक वर्षं सांगत आलो आहे, आणि आजवर कोणी खोडून काढलेलं नाही.

तेवढ्यात समोरच्या कडेवर कोणीतरी उडी मारली.

कोणी मारली, कोणाला माहीत नाही. वस्तादांनी इशारा केला नव्हता. पण एक गेला, त्याच्या हातात अडकलेला दुसरा गेला, दुसऱ्यानं तिसऱ्याला नेलं, कोपरा वळून लाट आमच्याकडे आली आणि दिगंबर नको म्हणायला तोंड उघडतोय तोवर मी, तो आणि त्याच्या पलीकडचा गडी असे सगळे हवेत. मग धप्पा. मग गुलाबी काळोख.

वर आलो तर दिगंबर माझ्या मानेला विळखा घालून खोकत होता, थुंकत होता आणि डोळे असे फाडून बघत होता की मला वाटलं याच्या डोक्यात पाणी गेलं.

"मी नव्हती मारली उडी," तो म्हणाला.

"बरं, बाबा."

"अरे ऐक ना! मी मारलीच नाय. शेजाऱ्यानं मारली म्हणून माझी झाली. थाप्या... ती आडवी रेघ!"

लोक नाचत होते. कोणीतरी त्याच्या डोक्यावर बादली ओतली. आणि हा माणूस मानेएवढ्या गुलाबी पाण्यात, कठडा घट्ट धरून, मला हृदयाचा स्नायू समजावून सांगत होता.

त्या संध्याकाळी आम्ही त्याला घासला. बेसन, दही, लिंबू, रॉकेल. आण्णांनी कारखान्यातून आणलेली हात धुवायची पावडर लावली, तिनं कातडी गेली पण रंग राहिला. शेवटी आण्णांनी त्याच्याकडे नीट बघितलं, म्हणाले, "असू दे. नापास झालास तर तिथं ऑईलनं काळा होशील, मग दिसणार नाय." आणि आत जाऊन, आम्हाला दिसू नये अशा बेतानं, देवापुढं उदबत्ती लावली.

सकाळी परीक्षागृहात दिगंबर शिरला तेव्हा खोली उजळली. पांढरा कोट, आणि कोटातून बाहेर आलेलं गुलाबी डोकं, गुलाबी मनगटं, गुलाबी नखं. मॅडम त्याच, गेल्या वर्षीच्या. स्टार्चची साडी, साखळीला अडकवलेला चष्मा. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ॲलर्जी आहे का तुम्हाला?"

"रहाड हाय, मॅडम."

"संसर्गजन्य आहे?"

"नाशकापुरती," मी मागून म्हणालो. माझे फक्त कान गुलाबी होते.

रांगेत सूक्ष्मदर्शक मांडलेले. घंटा झाली की पुढच्यावर सरकायचं. दिगंबर एका सूक्ष्मदर्शकावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. घंटा झाली तरी हलेना. मी मागे उभा. मला त्याचा उजवा हात दिसत होता. तो हात कोपरात वाकवून, कोणाच्या तरी हातात अडकवल्यासारखा, हळूच हलवून बघत होता. मग त्यानं लिहिलं आणि पुढं सरकला.

पुढचं काम स्लाइड बनवायचं. कोंबडीच्या तंगडीचा तुकडा, दोन सुया, धागा धागा सुटा करायचा आणि इओसिननं रंगवायचा. आता आमच्या कॉलेजची इओसिनची बाटली म्हणजे एक ऐतिहासिक वास्तू. दर वर्षी तिच्यात पाणी घालून घालून आत रंगाची फक्त आठवण उरलेली. माझी स्लाइड अशी फिकट झाली की माझा स्नायू आजारी दिसायला लागला. सगळ्यांच्याच तशा. दिगंबरला तर घाम फुटला होता. ओल्या गुलाबी बोटांनी तो धागे सोडवत होता, पुसत होता, पुन्हा सोडवत होता.

मॅडम एकेकाच्या सूक्ष्मदर्शकात डोकावत आल्या. माझ्याशी थबकल्या. "पाणी दिसतंय, स्नायू कुठाय?" मग दिगंबरशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"कुठला रंग वापरलात?"

दिगंबरनं बाटलीकडे बघितलं. बाटली बंद होती. घाईत त्यानं ती उघडलीच नव्हती.

मी मॅडमच्या मागून डोकावलो. खोटं सांगत नाही. सांगत असेन तर मला पुन्हा रहाडीत टाका. गडद पट्टा, फिका पट्टा, गडद, फिका, आखलेल्या वहीसारखे. कडेला केंद्रकं, उंबऱ्यावर बसलेल्या दुकानदारांसारखी. रसायनशास्त्राचे लोक यावर हसतात. त्यांना हसू द्या. त्यांनी कधी धप्पा मारलेला नाही.

"कुठला रंग?" मॅडम पुन्हा म्हणाल्या.

दिगंबरनं आपले दोन्ही पंजे टेबलावर उपडे ठेवले. "हा."

मग त्यानं सगळं सांगितलं. चौक, ओंडके, फुलं, कडं. मॅडम खुर्चीत बसल्या. परीक्षेची पद्धत उभ्याउभ्या विचारायची होती, पण त्या बसल्या.

"बरं. मग काल पाण्यावर उभे होतात तेव्हा कोणता स्नायू काम करत होता?"

"मांडीचा, मॅडम. पट्टकी. तो माझ्या हुकमात. मी म्हणलं थांब, तो थांबला."

"आणि?"

"अंगावर काटा आला. तो केसाच्या मुळाशी असतो तो, अपट्टकी. निमुळता, तांदळासारखा. मी म्हणलं लोक बघतात, खाली बस. त्यानं नाय ऐकलं."

"आणि हृदयाचा? गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, तो आत असतो."

माझ्या तिन्ही प्रकारच्या स्नायूंनी श्वास रोखला.

"आतच असतो, मॅडम," दिगंबर म्हणाला. "पण एकटा नसतो. पट्टे ह्याला बी हायेत, त्याच्यानंच मी फसलो. मांडीची पेशी एकेकटी ऱ्हाते, तिला वरून हुकूम यावा लागतो. हृदयाच्या पेशीला फांद्या, आन् प्रत्येकीनं शेजारणीच्या हातात हात अडकवल्याला. ती अडकवलेली जागा म्हणजे आडवी रेघ. एक आखडली की लाट पुढं जाते, सगळ्या आखडतात. कोणाला मागं ऱ्हायची सोय नाय." मग म्हणाला, "ज्याला भीती वाटते त्याला बी नाय."

मॅडमनी पेन उचललं. गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं, चष्मा साखळीवर सोडला आणि उठता उठता अगदी हळू आवाजात विचारलं, "तो हौद बुजवला का हो? की आज बघायला मिळेल?"

निकाल लागला तेव्हा दिगंबर तालमीत होता. आण्णा स्वतः सांगायला आले, कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच. पोराच्या पाठीत असा धपाटा घातला की आखाड्याची माती उडाली. "जागा मी सोडून दिली बोलून," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला होईल." मग आपला चांगला कान पुढं करून म्हणाले, "आता सांग, ते हृदयाचं काय म्हणालास तू बाईंना? मोठ्यानं सांग."

दिगंबर गेली कित्येक वर्षं खेळाचा शिक्षक आहे. पोरांना पोहायला शिकवतो. हो, पोहायला! स्वतः शिकला तो चाळिशीच्या अलीकडे, आणि आता गोदावरीच्या पुरात उलटा पोहून दाखवीन म्हणतो. थापा मारायला कोणाकडून शिकला कोण जाणे.

मी मात्र अलीकडे कडेवरूनच रहाड बघतो. पोट पुढं आलंय, गुडघे पुस्तकाबाहेरचे आवाज काढतात. यंदाही वर्गात बजावून सांगितलं, "उद्या प्रॅक्टिकल आहे. जो रहाडीच्या आसपास दिसेल त्याची खैर नाही." आणि दुपारी स्वतः चौकात, छत्री घेऊन, चार माणसांच्या मागे. समोरच्या गच्चीत गार्गी आणि तिची आई. पोरीनं मला बघितलं, मी तिला बघितलं, आणि दोघांनीही न बघितल्याचा उत्तम अभिनय केला.

तेवढ्यात माझ्या डाव्या कोपरात एक दंड येऊन अडकला. पिकलेले केस, तोच रेड्यासारखा आवाज.

"चला, सर."

"अरे, गुडघे नाही म्हणतायत. गुडघा ऐच्छिक असतो, त्याचं ऐकावं लागतं."

"एकट्या माणसाचं ऐकावं लागतं," दिगंबर म्हणाला, आणि गार्गीच्या डोळ्यांदेखत धप्पा झाला तेव्हा छत्री माझ्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत परीक्षक. पांढरा कोट, वर गुलाबी डोकं. पोरं ओठ चावत होती. मी घंटा बडवली. गार्गी त्याच सूक्ष्मदर्शकाशी आली, वाकली, मग मान वर करून माझ्या गुलाबी कानांकडे बघितलं, मग पुन्हा वाकली.

"काय आहे?" मी विचारलं.

"हृद्‌स्नायू."

"कशावरून? पट्टे तर दोन्हींना असतात."

"फांद्या आहेत. केंद्रक मध्ये आहे. आडव्या रेघा आहेत." ती जरा घुटमळली. "आणि सर, यातला एकही स्वतःहून उडी मारत नाहीये."